शंखाची भुकटी, कारखान्याची गोळी

परवा सुरतेत पर्वत पाटियाच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक बाई उभी होती. दुकानदाराला म्हणाली, "भैया, कॅल्शियम नॅचरलवाला देना, केमिकलवाला नहीं." त्याने शिंपल्याचं चित्र असलेली डबी काढून दिली आणि बाई समाधानाने निघून गेली. त्या डबीत काही वाईट नव्हतं. पण 'केमिकल' हा शब्द ऐकला की आजही माझी बोटं आपोआप मिटायला लागतात. म्हणून लिहायला बसले. ज्यांना कॅल्शियमची गोळी हौसेने नाही, जगायला म्हणून घ्यावी लागते, त्यांच्यासाठी. हौसेने घेणाऱ्यांनीही वाचलं तर चालेल, त्यांचं काही बिघडणार नाही.

*

मी शहाद्याकडची. आमच्या भागात बायांच्या गळ्याला गाठ येते, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. माझ्या आईला होती, मावशीला होती. लग्न होऊन सुरतेला नवागामला आले तेव्हा मलाही होतीच, पदराखाली झाकलेली. पुढे ती वाढली. आडवं झालं की श्वास अडकायचा, भाकरीचा घास अर्ध्यात थांबायचा. प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मोठ्या सरकारी दवाखान्यात गाठ काढायचं ठरलं.

ऑपरेशन नीट झालं असं सगळे म्हणाले. मलाही वाटलं. मग ओठांना मुंग्या यायला लागल्या. मग बोटांच्या टोकांना. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हटलं, "भूल उतरतेय वाटतं." ती म्हणाली, "तुझी भूल तर कधीच उतरली." तेवढ्यात चहाचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि हात माझा राहिला नाही. मनगट आत वळलं, अंगठा तळव्यात शिरला, बाकीची बोटं एकमेकींना चिकटून ताठ झाली. मी डाव्या हाताने ती सोडवायला गेले तर डावाही तसाच झाला.

डॉक्टरीणबाई आल्या. गुजराती होत्या, मराठी तोडकंमोडकं बोलायच्या. त्यांनी माझ्या कानापुढे, गालावर बोटाने टक टक केलं. माझा ओठ एका बाजूला उडाला. त्या नर्सला काहीतरी म्हणाल्या आणि शिरेत इंजेक्शन सुरू झालं, अगदी हळूहळू. अंगभर ऊब पसरली आणि बघता बघता बोटं सुटी झाली. इतकं बरं वाटलं की मी रडले.

मग त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या त्या मोठ्या गाठीच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार गाठी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. माझ्या त्या चारही कामातून गेल्या होत्या. असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या. कोणाची चूक वगैरे मी विचारलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. एवढंच विचारलं, "किती दिवस गोळ्या?"

"मंगलाबेन, कायमच्या," त्या म्हणाल्या. "कॅल्शियमची पांढरी गोळी आणि सोबत ही छोटी कॅप्सूल. एकही चुकवायची नाही."

*

नवागामची आमची खोली तळाला, गल्लीच्या आतल्या बाजूला. एक दार, खिडकी नाही. दिवसाही बल्ब लावूनच बसायचं. आमचे हे बमरोलीला लूमच्या खात्यावर जायचे, खातं म्हणजे कारखाना, तिथे बारा तासांची पाळी. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणायची. बारीक काम, बोटांच्या टोकांचं. तेवढं एकच काम मला झकास जमायचं आणि त्याचा मला तोरा होता.

घरी सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. वाईट बाई नव्हत्या. मी दवाखान्यात असताना त्यांनी माझे कपडे धुतले, केस विंचरले. फक्त आयुष्यभर गोळी खायची हे त्यांना पटेना. आजार म्हणजे येतो आणि जातो, असा त्यांचा हिशोब.

ह्यांनी मात्र एक गोष्ट धरली. डॉक्टरीणबाईंनी गालावर टक टक केलेलं ह्यांनी पाहिलं होतं. ओठ उडाला म्हणजे रक्तात कॅल्शियम कमी, एवढं त्यांना कळलं होतं. रोज कामावर निघताना दारातच माझ्या गालावर तसंच करायचे. ओठ उडाला नाही की मान हलवून जायचे. आमच्यात लाडीगोडी अशी कधी नव्हती, ती त्या टकटकीतच काय ती होती. मी वाट बघायची.

*

भिकामामा म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ. बमरोलीला राहायचे, पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये कामाला होते. सुट्टीच्या दिवशी लोकांना झाडपाल्याची औषधं द्यायचे, कोणाकडून काही घ्यायचे नाहीत. मला बघायला आले आणि माझी डबी उघडून गोळी नाकाला लावली.

"मंगल," ते म्हणाले, "मी रोज केमिकलमा हात घालस. मन्हा हात दख."

हात पुढे केले. नखं नव्हतीच जवळजवळ. कातडी कुठे पांढरी, कुठे जांभळी. मला अजूनही त्या हातांवर रागावता येत नाही.

"हाई गोई बी त्याच डरममाईन येस," म्हणाले. गोळीही त्यांच्या मिलमधल्या पिंपातूनच निघते, अशी त्यांची खात्री.

त्यांनी कागदाच्या पुडीत शंखाची भुकटी आणली होती. घरीच जाळून, कुटून, वस्त्रगाळ केलेली. यातही कॅल्शियमच असतं, पण देवाने केलेलं, असं त्यांचं म्हणणं. चिमूटभर भुकटी मधातून, जेवणात तीळ, नागली आणि दूध, पानाच्या चुन्याचा एक कण वरणात. बस. आत्याबाईंना हे लगेच पटलं. "शंख देवजोडे राहस," त्या म्हणाल्या. शंख देवापाशी असतो, त्यांच्या दृष्टीने तिथे विषय संपला.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना विचारू तरी." कोणी नाही म्हणालं नाही. फक्त कोणी मला घेऊन गेलं नाही. गाठ काढल्यापासून सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागणारी थायरॉइडची बारीक गोळी तेवढी चालू राहिली, कारण ती इतकी लहान होती की मामांना तिच्यात केमिकल मावेल असं वाटलं नाही. पांढरी गोळी आणि कॅप्सूल आत्याबाईंनी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "मायले मी काय सांगू?"

दोन-तीन दिवस काही झालं नाही. आत्याबाई रोज विजयी मुद्रेने पुडी सोडायच्या. मग एका सकाळी ह्यांनी गालावर टक टक केलं आणि ओठ उडाला. ह्यांनी पाहिलं. मी पाहिलं की ह्यांनी पाहिलं. ते चपला घालून गेले. त्या दिवसापासून त्यांनी टकटक बंद केली.

*

श्रावणात आमच्या घरी कानबाई देवी बसायची होती. खानदेशातल्या घरांना हे सांगायला नको. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून आईला बसवतात, रोटांचा नैवेद्य करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. धुपाचा धूर, एकच दार. जीव घाबरा होऊन मी भराभर श्वास घेत होते. भीतीने जोरजोरात श्वास घेतला की हा आजार आणखी चेकाळतो, हे मला पुढे कळलं.

निघायच्या वेळी आत्याबाईंनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. ताट खाली पडलं. दोन्ही हात वळले, पाय ताठ झाले, जबडा बसला. घशातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"माय उनी वं," कोणीतरी म्हणालं. "कानबाई उनी." म्हणजे माझ्या अंगात आली.

आणि सगळ्या जणी हात जोडून मागे सरकल्या.

आता हे नीट समजून घ्या. या आजारात शुद्ध जात नाही. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कोण कुंकू लावतंय, कोण पाया पडतंय, आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलंय. त्यांनी माझ्या वाकड्या हातात नारळ बसवला, आणि तो बसला, कारण हात त्याच आकाराचा झाला होता. त्यावरून तर सगळ्यांची खात्रीच पटली. मी आत ओरडत होते, पेटी उघडा, गोळी द्या, आणि बाहेर दातांवर दात. मी माझ्याच अंगात कोंडले गेले होते आणि बाहेर गाणी चालली होती.

थोड्या वेळाने सुटले. आत्याबाईंनी मला नमस्कार केला. सासूने सुनेला. मला कुठे बघावं तेच समजेना.

*

त्यानंतरचे दिवस कोणावर येऊ नयेत असं मी म्हणेन. दर मंगळवारी बाया यायच्या. मला चौरंगावर बसवायच्या, नवीन साडी नेसवायच्या. कोणाची सून नांदत नव्हती, कोणाचा नवरा दारू सोडत नव्हता. आणि हात वळायचेच, कारण आत भुकटीच जात होती. वळले की प्रश्न सुरू. मला टिकल्यांचं काम देणं बंद झालं. देवीच्या हातून कसली मजुरी करून घ्यायची. बाहेर जायचं नाही, कोणाचं उष्टं खायचं नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. ऐकायला छान वाटतं. दोन आठवडे करून बघा.

भिकामामांनाही वाटायला लागलं की भुकटीने देवीची वाट मोकळी केली. आधी ती केमिकलने अडली होती.

हात सुटे असताना मी सांगायची. शांतपणे सांगितलं, भांडून सांगितलं, एकदा ताट भिरकावून सांगितलं. "आत्याबाई, हा आजार आहे. दवाखान्यात असंच झालं होतं, इंजेक्शनने गेलं होतं." त्या म्हणायच्या, "हां माय." ती 'माय' मला नव्हती. मला त्या आधी 'मंगल' म्हणायच्या, चिडल्या तर 'ए शहाद्याची' म्हणायच्या. ते सगळं बंद झालं. घरात माझ्याशी बोलणारंच कोणी उरलं नाही. हे सुद्धा जेवायला बसले की माझ्याकडे न बघता जेवायचे.

मी मरेन असं मला वाटत होतं. आणि मेले तरी हे लोक हार घालतील, हेही दिसत होतं.

*

मंगळवारच होता. खोली भरलेली. या वेळी हात वळलेच, पण छातीही आवळली. श्वास आत जाताना घोगरा आवाज करत होता. समोर आत्याबाई पदर पसरून बसल्या होत्या.

"तुले काय जोयजे, माय? सांग, काय जोयजे?"

जबडा मध्येच थोडा सैल झाला. किती वेळ सैल राहील ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "गोई."

आत्याबाईंनी कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"पांढरी गोई. पेटीमानी."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "देवीले गोई जोयजे," मागून एक बाई म्हणाली.

मी म्हटलं, "देवी नही. मी मंगल शे."

"हां माय, हां," सगळ्या म्हणाल्या. "मंगलले सोडू नको, माय. गोई देतस आम्ही."

मला हसू आलं असतं, पण चेहरा हलत नव्हता. जे मी महिनाभर माझ्या तोंडाने सांगत होते तेच सांगितलं होतं, एक अक्षर वेगळं नव्हतं. आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, गोळी कुटली आणि पाण्यातून माझ्या दातांच्या फटीतून सोडली. मग विचारलं, "आखो काय जोयजे?"

"दवाखाना."

भिकामामा दारात उभे होते. काही बोलायला तोंड उघडलं त्यांनी. देवीच्या पुढे काय बोलणार. तेच रिक्षा आणायला पळाले.

मला तशीच, कपाळभर कुंकू, गळ्यात हार, दवाखान्यात नेलं. मागून दुसऱ्या रिक्षात चार बाया. कॅज्युअल्टीत त्या खाटेभोवती उभ्या राहून हळू आवाजात कानबाईची गाणी म्हणत होत्या. वॉर्डबॉय हाकलायला आला तर त्यालाच त्यांनी कुंकू लावलं. त्याच डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हार बाजूला केला, गालावर टक टक केलं आणि इंजेक्शन मागवलं. आत्याबाई माझा वळलेला हात धरून बसल्या होत्या. औषध आत जात राहिलं आणि त्यांच्या हातातच माझी बोटं एकेक करून उघडली. त्या बघत होत्या.

*

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या, खात्यावरून धावत आलेल्या ह्यांच्यावर त्याहून जास्त. हे मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. मग मीच शंखाची गोष्ट काढली. मला भिकामामांचे हात आठवत होते. मी विचारलं, "बेन, खरं सांगा. शंखातलं चांगलं की कारखान्यातलं?"

त्या म्हणाल्या, "शंख, शिंपला, चुना, डोंगरातला दगड, सगळ्यांत तेच कॅल्शियम. रक्त त्याला गाव विचारत नाही. ते किती आहे आणि आत शिरतं का, एवढंच बघायचं."

मग समजावून सांगितलं. दुकानात शिंपल्याची गोळी मिळते, तीही चालते, कारण ती मोजलेली असते. मामांची चिमूट कधी लहान, कधी मोठी. घरी जाळलेल्या भुकटीत आणखी काय आहे हे तपासायला कोणी नाही. कधी त्यात शिसंही निघतं. तीळ, नागली, दूध उत्तमच, ते खायचंच, पण माझ्या रक्ताची गरज त्याने भागणार नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ती छोटी कॅप्सूल. माझ्या त्या चार गाठी नसल्यामुळे कॅप्सूलशिवाय कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसं शिरतच नाही, मग ते देवाने केलेलं असो की माणसाने. आम्ही गोळीवर भांडत बसलो आणि कॅप्सूलकडे कोणी बघितलंच नाही.

पुढे एकदा मेडिकलमध्ये माझी नेहमीची गोळी संपली होती. डॉक्टरीणबाईंना विचारून तेवढ्याच ताकदीची शिंपल्याची घेतली. थोडा समुद्राचा वास यायचा. हातांना काही फरक कळला नाही. तेव्हा बाई हो, डबीवरचं चित्र बघू नका. एका गोळीत खरं कॅल्शियम किती ते वाचा, नाही वाचता आलं तर विचारा. जेवणाबरोबर घ्या, चहाबरोबर नको. थायरॉइडची गोळी आणि ही, दोघींची गाठ पडू देऊ नका, मधे चार तास जाऊ द्या. ओठांना मुंग्या आल्या तर थांबू नका. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, सांगणारा कितीही मायेचा असला तरी.

*

घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पितळेच्या ताटलीत हळदकुंकू, एक फूल आणि मधे पांढरी गोळी, शेजारी कॅप्सूल असं घेऊन आल्या. आधी माझ्या पायाला हात लावला, मग ताटली पुढे केली. त्यानंतर रोज हेच. मंगळवारचा चौरंग हात वळेनात तेव्हा आपोआप सुटला. टिकल्यांचं कामही पुन्हा आलं. ह्यांची टकटकही परत आली. पण ही ताटली सुटेना. भिकामामा आले की आत्याबाई मुद्दाम त्यांच्यासमोर द्यायच्या. मामा हात जोडून उभे राहायचे. पुडीचं नाव कोणी पुन्हा काढलं नाही.

मला ते असह्य व्हायचं. गोळी मिळत होती, पण मला नाही, दुसऱ्या कोणाला तरी, आणि मी तिच्या तोंडाने खात होते. जन्मभर गोळीशी बांधलेली होतेच, आता जन्मभर देवीशीही. एका सकाळी हे कामावर गेलेले, घरात दोघीच. त्या पायाशी वाकल्या तशी मी पाय मागे घेतले.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हे बघा माझे हात. सरळ आहेत. मी मंगल आहे. मंगलच होते. तेव्हाही."

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मग जमिनीला हात टेकून उठल्या.

"मले माहीत शे," त्या म्हणाल्या. "सुई टोचनी आन हात उघडना, तवयच मन्हा ध्यानमा उनं. सुईनी देवी जास का कधी?"

"मग हे रोज कशाला करता?"

आत्याबाईंनी ताटलीतलं फूल सरळ केलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगलनं कोन ऐकस, माय?"

आणि ताटली पुढे केली. मी गोळी उचलली, चावली, कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.